तिसऱ्या अंकातला पॉज

जबलपूरच्या मराठी मंडळात चिंतामणी पिंगळे यांना सगळे ओळखत, पण त्यांना रंगमंचावर पाहिलेला माणूस काही सापडायचा नाही. सापडणार कसा? ते होते प्रॉम्प्टर. आता प्रॉम्प्टर म्हणजे काय, हे हल्ली समजावून सांगावं लागतं. नाटक चालू असताना विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, संहिता हातात धरून उभा राहतो तो. नट अडखळला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द त्यानं कुजबुजायचे. ते नटाला ऐकू गेले पाहिजेत आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाता कामा नयेत. काम चोख झालं तर टाळ्या नटाला, चुकलं तर शिव्या प्रॉम्प्टरला. असलं आतबट्ट्याचं काम शहाणा माणूस घेत नाही. पिंगळ्यांनी ते चाळीस वर्षं केलं आणि हौसेनं केलं.

पोटासाठी ते वीज मंडळात कारकून होते. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत कधीकाळी इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. तुम्ही मूळचे कुठले, असं कुणी विचारलं तर जबलपुरातल्याच आपल्या वस्तीचं नाव घेऊन ते म्हणत, "मूळचे मदन महलचे." लग्न राहून गेलं. घरच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, यांनीही आठवण करून दिली नाही. आईवडील होते तोवर घरात मराठी कानावर पडायचं. ते गेले, आणि मग दूधवाला, भाजीवाला, डबा देणारी बाई, खालचे शर्माजी, सगळ्यांशी हिंदी. हिंदी काही वाईट नाही. पण दिवसभर ती बोलून संध्याकाळी स्वतःशी पुटपुटायला लागलं की मराठी निघायची, आणि ती ऐकायला कुणी नसायचं.

मंडळाचं नाटक म्हणजे त्यांचा खरा संसार. गणपती झाले की तालमी सुरू व्हायच्या त्या थंडीपर्यंत चालायच्या. तेवढे महिने रोज संध्याकाळी जायला जागा होती. चहा मिळायचा, थट्टा व्हायची, कुणीतरी "काका, आज उशीर केला" म्हणून रागवायचं. आपल्याला उशीर झाला हे कुणाच्या तरी लक्षात येतं, या गोष्टीची किंमत ज्याच्या घरात चार माणसं आहेत त्याला नाही कळायची.

एका बाबतीत मात्र पिंगळ्यांना स्वतःचा अभिमान होता, आणि तो मंडळालाही मान्य होता. नट गप्प झाला की तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्यांना अचूक कळायचं. मुद्दाम थांबणं म्हणजे पॉज. पॉजमध्ये प्रॉम्प्टर बोलला तर प्रसंग मातीत गेला. आणि विसरलेल्या नटाला तो बोलला नाही तर नट मातीत गेला. दोन्हींतलं अंतर केसाएवढं. "तोंड पाहायचंच नाही," ते सांगायचे, "गळा पाहायचा. पॉज घेणारा श्वास धरून ठेवतो. विसरलेला आवंढा गिळतो." चाळीस वर्षांत त्यांची यात चूक झाली नव्हती.

या वर्षी मंडळानं 'संगीत चंद्रवेणी' पुन्हा बसवायला घेतलं. जुनं पल्लेदार नाटक, पदांनी भरलेलं. मोहिमेवर गेलेला सरदार नवरा बारा वर्षं परत येत नाही आणि चंद्रवेणी नदीच्या घाटावर त्याची वाट पाहत राहते, एवढीच गोष्ट. मागे एकदा मंडळानं ते केलं होतं, तेव्हा पिंगळे विंगेत होते. सगळं नाटक त्यांना तोंडपाठ होतं. या वेळी दिग्दर्शक होता प्रसन्न. तिशीतला मुलगा, एका कंपनीत बदली होऊन पुण्याहून आलेला. मुलगा हुशार आणि स्वभावानं गोड, पण त्याची मतं पक्की. पहिल्याच बैठकीत त्यानं सांगितलं, प्रॉम्प्टर नको. विंगेत माणूस उभा असला की नट पाठांतर करत नाहीत, त्याच्या जिवावर राहतात.

"काका, तुम्ही इतकी वर्षं आत उभे राहिलात," तो पिंगळ्यांना म्हणाला. "या वेळी समोर बसून मजेत नाटक बघा. तिसऱ्या रांगेतला पास तुमचा."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. पिंगळे "अच्छा, चलो, बढिया," असं म्हणाले आणि घरी आले. तालमीला जायचं कारणच संपलं होतं. उगीच जाऊन बसायचं तर "काका, काही काम होतं का?" असं कुणीतरी विचारलं असतं.

तेवढ्यात अपूर्वा आली. ही चंद्रवेणीचं काम करणारी मुलगी. जन्म जबलपूरचा, शिक्षण हिंदी-इंग्रजीत, नोकरी शाळेत गाणं शिकवायची. गळा असा की ऑर्गनवर बसणारे बाळाजी, जे सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, तेसुद्धा नुसती मान हलवायचे. पण मराठी कळायचं जास्त आणि बोलता यायचं कमी. 'वेळ'ची 'वेल' व्हायची आणि 'काळजी'ची 'कालजी'.

"काका, डिस्टर्ब तर नाही करून राहिली?" दारात स्कूटी लावून ती म्हणाली. "माझा तो 'ळ' जमूनच नाही राहिला."

चार-पाच संध्याकाळी ती येत राहिली. पिंगळ्यांनी तिला 'ळ' शिकवला. जीभ मागं वळवून टाळूला लावायची आणि सोडायची. ती पाच वेळा लावायची आणि सहाव्यांदा हसत सुटायची. पिंगळ्यांनी नवे कप आणले, पोहे करायला शिकले. त्यातलं मीठ कधी जमलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. मग तिला 'ळ' जमला. जमल्यावर ती यायची थांबली. यात तिचं काही चुकलं नाही. काम झाल्यावर कोण येतं?

शनिवारी पहिला प्रयोग झाला. गोलबाजारातलं सभागृह भरलं होतं. पिंगळे तिसऱ्या रांगेत मधोमध, इस्त्रीच्या सदऱ्यावर कोट घालून. नांदी झाली, पडदा उघडला, आणि पहिल्याच प्रवेशात शेजारच्या खुर्चीतल्या हेमलताबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. पिंगळे प्रत्येक वाक्य नटाच्या आधी पुटपुटत होते. जित्याची खोड. "सॉरी जी," ते म्हणाले आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

दोन अंक बरे गेले. तिसऱ्या अंकात नवरा परत येतो. म्हातारा झालेला, ओळखू न येणारा. घाटावर उभ्या असलेल्या चंद्रवेणीला तो विचारतो, "एवढी वर्षं तू कुणाची वाट पाहिलीस?" त्यावर ती म्हणते, "वाट पाहिली नाही, स्वामी. वाटच होऊन राहिले." की लगेच ऑर्गन सुरू होतो आणि नाटकातलं सगळ्यात मोठं पद येतं. जुन्या प्रयोगात हे उत्तर पट्कन यायचं. पिंगळ्यांना अख्ख्या नाटकात ही ओळ सगळ्यात प्रिय होती. अपूर्वाकडून त्यांनी ती घोटून घेतली होती, 'ळ' नसूनसुद्धा.

नवऱ्यानं प्रश्न विचारला. अपूर्वा गप्प. मान खाली, अर्धी पाठ प्रेक्षकांकडे. एक क्षण गेला, दोन गेले. गळा पाहायचा, पण इथून गळा दिसतोय कुठे! समोरून दिवे डोळ्यांवर येतात हे विंगेत उभं राहणाऱ्याला माहीत नसतं. पोरगी विसरली! पहिलाच प्रयोग, एवढी माणसं, आणि विंगेत कुणी नाही.

"वाट पाहिली नाही..." पिंगळे कुजबुजले.

कुजबुज कसली! चाळीस वर्षं रंगमंचाच्या टोकापर्यंत पोचवायची सवय झालेली ती कुजबुज. आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी झकास आवाजात ओरडलं, "वन्स मोर!" आणि सगळं सभागृह हसलं.

संगीत नाटकात पदाला वन्स मोर मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रॉम्प्टरला मिळालेला हा बहुधा पहिलाच. अपूर्वानं लालबुंद चेहऱ्यानं ओळ म्हटली, बाळाजींनी घाईनं ऑर्गन धरला, पद छान झालं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो पॉज होता. प्रसन्ननं महिनाभर खपून बसवलेला.

प्रयोगानंतर प्रसन्न चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पिंगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, माझ्या पॉजची तुम्ही पार वाट लावलीत हो!" सगळे हसले, पिंगळेही हसले. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या चारचा प्रयोग आहे. तुम्हाला दगदग होत असेल तर नाही आलात तरी चालेल."

न येण्याचं आमंत्रण इतक्या गोड शब्दांत पिंगळ्यांना पूर्वी कुणी दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी डबा आला तो त्यांनी तसाच ठेवला. जाऊ नये, असं मन सांगत होतं. पण आज गेलो नाही तर पुढे कुठल्या तोंडानं जाणार? पुढच्या वर्षी मंडळात कुणीतरी म्हणणार, पिंगळेकाकांना बोलवू या नको, ते मध्येच बोलतात. आणि मंडळ सुटलं की पिंगळ्यांना मराठीत हाक मारणारं या गावात कुणी उरत नव्हतं. नुसतं गप्प बसून दाखवायचं होतं. एवढं जमलं तर मंडळात त्यांना खुर्ची होती, नाही तर तीही नाही.

साडेतीनला ते तिकिटाच्या टेबलापाशी गेले. टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही तर काल पाहिलं ना?"

"हो. पुन्हा पाहतो," पिंगळे म्हणाले.

शिल्लक होती ती दुसऱ्या रांगेतली अगदी कडेची खुर्ची, रंगमंचाच्या डाव्या अंगाला. समोरचा अर्धा रंगमंच तिथून दिसत नाही म्हणून ती कुणी घेत नाही. पिंगळ्यांनी मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि तोंडात आवळासुपारीचा मोठा तुकडा धरला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. ती खुर्ची जवळजवळ विंगेसारखीच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं ते पडदा उघडल्यावर. नट कडेनं दिसत होते आणि गळे दिसत होते.

पण त्या दिवशी त्यांनी गळे पाहिले नाहीत. बोलायचं नाही म्हटल्यावर ऐकण्याखेरीज दुसरं काम उरलं नव्हतं. काल पुटपुटण्यात नाटक निसटलं होतं, आज ते समोर घडत होतं. चंद्रवेणी सासूशी भांडते, सखीची थट्टा करते, देवळात जाते, आणि संध्याकाळ झाली की घाटावर येऊन उभी राहते. ती उभी राहते, हे वाक्य संहितेत कुठेच नव्हतं. पिंगळ्यांना शब्द पाठ होते, शब्दांच्या मधली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या अंकातल्या पदाला लोकांनी वन्स मोर दिला. अपूर्वा पुन्हा गायला लागली, आणि पिंगळ्यांच्या मनात आलं की आपण जन्मात कुणाची वाट पाहिली नाही आणि कुणी आपली पाहिली नाही. वाट पाहायलासुद्धा माणूस लागतं. त्यांना फार एकटं वाटलं. मफलर होता म्हणून बरं, डोळे पुसायला तोच कामी आला.

मध्यंतरात ते उठले नाहीत. बटाटेवड्यांचा वास आत येत होता. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघून हसत होते. "काय काका, आज प्रॉम्प्टिंग?" एकानं विचारलंच. पिंगळ्यांनी सुपारी गालात सरकवून नुसता हात हलवला.

तिसरा अंक आला. घाट, दिवा, परतलेला नवरा. त्यानं प्रश्न विचारला, "एवढी वर्षं तू कुणाची वाट पाहिलीस?"

सभागृहातल्या निम्म्या माना दुसऱ्या रांगेच्या टोकाकडे वळल्या. कालची गोष्ट गावभर झाली होती. पिंगळ्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि अपूर्वाकडे पाहिलं. तिनं श्वास धरला होता. पॉज होता. खरंच, काय सुंदर पॉज होता! बारा वर्षांचं उत्तर इतक्या लवकर कसं देणार कुणी? प्रसन्नचं बरोबर होतं, हे त्यांना तिथे पहिल्यांदा पटलं. लोक पिंगळ्यांना विसरले आणि पुन्हा तिच्याकडे बघायला लागले.

आणि मग अपूर्वानं श्वास सोडला. आवंढा गिळला. पदराच्या काठावरून तिची बोटं उगीच फिरायला लागली.

ती विसरली होती. या वेळी खरंच विसरली होती. कालच्या हसण्यानं त्या जागेची तिला धास्ती बसली असावी. भरल्या सभागृहात ही गोष्ट फक्त दोन माणसांना कळली होती. तिनं मान जराशी वर केली आणि तिची नजर रंगमंचाच्या डाव्या अंगाला, कडेच्या खुर्चीवर येऊन थांबली.

पिंगळ्यांच्या जिभेवर दोन शब्द तयार होते. त्या टोकावरून ते नेमके तिच्यापर्यंत गेले असते, पहिल्या रांगेलाही कळलं नसतं. हे काम त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. पण तोंड उघडलं नाही. आपल्याला नक्की कळलंय, हे त्यांना माहीत होतं. तरी वाटलं, पुन्हा चुकलो तर? पुन्हा ती माणसं हसली तर? त्यांनी मफलरच्या आत दात आवळून धरले आणि ते खाली, आपल्या बुटांकडे, बघत राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बाळाजींनीच न राहवून ऑर्गनवर सूर धरला. अपूर्वानं तो पकडला आणि पद सुरू केलं. आवाज पहिल्या ओळीत कापत होता. लोकांना वाटलं, भावना. काय टाळ्या पडल्या! शेवटी अख्खं सभागृह उभं राहिलं.

पडदा पडल्यावर पिंगळे निघायच्या बेतात होते, पण प्रसन्ननं रंगमंचावरून उडी मारून त्यांना गाठलं आणि मिठीच मारली.

"काका, शाब्बास! आज एक शब्द नाही!" तो आनंदानं फुलला होता. "पॉज बघितलात ना? बाळाजींनी घाई केली, तिची ओळ गेली, पण प्रसंग कसला उभा राहिला! मी तर ठरवलंय, ती ओळच काढून टाकायची. पुढच्या महिन्यात नागपूरला प्रयोग आहे, तिथं नुसता पॉज आणि थेट पद. तुम्ही नक्की यायचं. समोर बसायचं."

"हो हो. काहून नाही," पिंगळे म्हणाले. ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं. त्यांना खुर्ची मिळाली होती, थेट नागपूरपर्यंत.

प्रसन्न दुसऱ्यांकडे वळला, तशी अपूर्वा आली. रंग अर्धवट पुसलेला, खांद्यावर शाल. इकडेतिकडे पाहून तिनं हळूच विचारलं, "काका, आज काहून नाही बोलले तुम्ही? मी तुमच्याकडेच पाहून राहिली होती."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नुसता प्रश्न होता, आणि थोडी भीती. सगळे वाहवा करत होते, आणि आपण विसरलो होतो हे तिला एकटीला ठाऊक होतं. ती वाहवा आपली आहे की नाही, हे तिला कळेना झालं होतं. पिंगळ्यांना ते दिसलं. खरं सांगायचं तर सांगता आलं असतं, की बेटा, मला कळलं होतं, पण मी भ्यालो. स्वतःची लाज झाकावी असं त्यांना वाटलं, आणि पोरीचा आनंद राहावा असंही वाटलं. यातलं आधी काय वाटलं, हे त्यांना पुढेही कधी नीट ठरवता आलं नाही.

"मला वाटलं पॉज आहे," ते म्हणाले.

अपूर्वा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"सच्ची? तुम्हालासुद्धा नाही कळलं?"

"नाही कळलं."

"प्रसन्नदादा!" ती तिथूनच ओरडली, टाळ्या वाजवत. "ऐकलं का? काकांनासुद्धा नाही कळलं! काकांना वाटलं पॉजच होता!"

सगळे वळून बघायला लागले. बाळाजी हसले, हेमलताबाई हसल्या, प्रसन्ननं लांबून अंगठा उंच करून दाखवला. पिंगळ्यांनीही मान डोलावली, हो हो, नाही कळलं. चाळीस वर्षं विंगेत उभ्या राहिलेल्या माणसाला एवढंसुद्धा ओळखता आलं नाही, हे त्या संध्याकाळी सगळ्या मंडळानं ऐकलं. आणि एकालाही ते खोटं वाटलं नाही.